‘पी’चा ‘बी’ का होतो : इंदूरमधील एका ऑर्डर-टेबलचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंदूरच्या विजयनगर भागातील एका कंपनीतले आहे. अमेरिकेतील दंतवैद्यांना साहित्य पुरवणाऱ्या एका घाऊक विक्रेत्यासाठी ही कंपनी फोनवर ऑर्डर नोंदवते, तक्रारी घेते आणि परत येणाऱ्या मालाला क्रमांक देते. पाळी संध्याकाळी साडेसहाला सुरू होऊन पहाटे साडेतीनला सुटते, कारण उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे नऊ ते संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. ज्या कर्मचारी तरुणीविषयी येथे लिहिले आहे त्या लोकमान्य नगरातल्या मराठी घरातल्या. घराणे होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थायिक. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेच्या वहीत इंग्रजी अशी त्यांची भाषिक वाटणी, आणि ती या शहरातल्या हजारो मराठी घरांची आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ध्वनींचे तपशील मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

त्यांचे इंग्रजी उत्तम होते. व्याकरण बिनचूक, शब्दसंग्रह मोठा, आणि बोलण्यात ग्राहकाला धीर देण्याचे कसब. तरीही त्यांनी दिलेले क्रमांक ग्राहकांकडून चुकीचे लिहिले जात आणि परत आलेली खोकी गोदामात बेवारस पडून राहत. गुणवत्ता विभागाने प्रत्येक वेळी एकच शेरा मारला : मातृभाषेचा प्रभाव. कॉल सेंटरच्या बोलीत याला ‘एमटीआय’ म्हणतात, आणि ही तीन अक्षरे एकदा कागदावर उमटली की पुढे कोणी फारसे विचारत नाही. प्रशिक्षण विभागाने उच्चारशास्त्र शिकवणारा म्हणून माझ्याकडे सल्ला मागितला तेव्हा हाच शेरा लिहिलेल्या अहवालांचा गठ्ठा मला मिळाला.

अडचण नेमकी काय होती

अहवालांत खुणा केलेल्या उच्चारांची यादी कोणत्याही इंदूरकराला ओळखीची वाटेल. ‘स्क्रू’ऐवजी ‘इस्क्रू’, ‘स्ट्रिप’ऐवजी ‘इस्ट्रिप’, ‘फिल्म’ऐवजी ‘फिलिम’, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांना एकच ‘व’, ‘थर्टी’तला थ दातांवर आपटलेला. हे सगळे त्यांच्या बोलण्यात होते, यात शंका नाही. पण या यादीशेजारी परत आलेल्या खोक्यांची नोंदवही ठेवून पाहिल्यावर दोन्हींचा मेळ बसेना. नोंदवहीत चुकलेले क्रमांक बहुतेक ‘पी’ आणि ‘टी’ असलेले होते. काही ‘एफ’ आणि ‘एस’ असलेले. काहींत तेराच्या जागी तीस किंवा चौदाच्या जागी चाळीस. ‘पी’ आणि ‘टी’वर मात्र गुणवत्ता विभागाची एकही खूण नव्हती.

पहिल्या भेटीत त्या तरुणी म्हणाल्या, “सर, मी ‘पी’च म्हणते. तुम्हीच ऐका ना! त्यांना ‘बी’ ऐकू येतं, त्याला मी काय करू?” त्यांनी तो वर्ण तीनदा उच्चारून दाखवला. खोलीत बसलेल्या आम्हा चौघांना तिन्ही वेळा स्वच्छ ‘पी’ ऐकू आला.

प्रकरणाची मेख इथेच होती. मराठी किंवा हिंदी कानाला त्या उच्चारात काहीच खटकत नाही, म्हणून इंदुरात बसून तपासणी करणाऱ्याच्या कानाला हा दोष सापडणे शक्यच नव्हते. उलट ‘इस्क्रू’ आपल्या कानाला चटकन खटकतो, कारण त्याबद्दल शाळेपासून हसू झालेले असते. तपासणीची यादी या हसण्यातून तयार झाली होती. ग्राहकाला काय ऐकू येते, हा प्रश्न तिच्यात आलाच नव्हता.

नोंदवहीने दिलेला धागा

चुकांची संख्या सगळेच पाहत होते, दिशा कोणी पाहिली नव्हती. ‘पी’ सांगितला आणि ‘बी’ लिहिला गेला, अशी उदाहरणे पुष्कळ होती. ‘बी’ सांगितला आणि ‘पी’ लिहिला गेला, असे एकही नव्हते. ‘टी’चा ‘डी’ होत होता, ‘डी’चा ‘टी’ कधीच होत नव्हता. ‘एफ’ आणि ‘एस’ यांची गफलत मात्र दोन्ही बाजूंनी होत होती आणि तीही केवळ ग्राहकाकडून नव्हे. ग्राहकाने सांगितलेला ‘एफ’ आमच्या बाजूलाही ‘एस’ म्हणून टिपला जाई. एकाच दिशेने घसरणारी चूक बोलणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या भाषेतून येण्याचा संभव अधिक आणि दोन्ही दिशांनी होणारी चूक वाटेतल्या तारेतून येण्याचा संभव अधिक, हा तर्क धरून पुढचा तपास केला.

आधी ‘पी’ पाहू. ओठ उघडल्याचा स्फोट आणि त्यानंतर स्वरतंतू कंप पावू लागण्याचा क्षण, या दोन घटनांमधील अंतर ध्वनिशास्त्रात मिलिसेकंदात मोजतात. लिस्कर आणि अब्रामसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९६४ साली ११ भाषांची अशी मोजमापे प्रसिद्ध केली आणि त्या अकरांत मराठी व हिंदी दोन्ही होत्या. त्यांच्या मापनात शब्दारंभी येणाऱ्या इंग्रजी प, ट, क यांचे सरासरी अंतर अनुक्रमे ५८, ७० आणि ८० मिलिसेकंद भरले. आपला अल्पप्राण, म्हणजे श्वासाचा झोत न सोडता म्हटलेला, प यापेक्षा कितीतरी आखूड असतो. ओठ उघडतात आणि जवळपास लगेच स्वर सुरू होतो. इंग्रजी बोलणाऱ्याचा ब देखील शब्दारंभी असाच असतो, म्हणजे त्यातही स्वरतंतू स्फोटाच्या आसपासच कंप पावू लागतात. ओठ्य व्यंजनांत प आणि ब यांची सीमारेषा इंग्रजी कान साधारण २५ मिलिसेकंदांवर आखतो. त्यामुळे आपला साधा प त्या रेषेच्या अलीकडे, ब च्या आवारात पडतो. आपला ब मात्र स्फोटाच्या आधीपासूनच घुमू लागतो. तो रेषेपासून इतका दूर असतो की कोणीही त्याला प समजणार नाही. चूक एकाच दिशेने का होत होती, याचे हे पूर्ण स्पष्टीकरण आहे.

संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांतून ‘पी’ वेगळे काढून ते प्रात या मोफत मिळणाऱ्या संगणक-प्रणालीत उघडले. अॅमस्टरडॅम विद्यापीठातील बोअर्स्मा आणि वेनिंक यांची ही प्रणाली जगभरच्या ध्वनिप्रयोगशाळांत वापरली जाते. पडद्यावर स्फोटाची उभी रेघ आणि स्वराच्या पहिल्या लहरी जवळजवळ चिकटून दिसत होत्या. मधली मोकळी पट्टी शोधावीच लागत होती. त्या चित्राकडे पाहून प्रशिक्षण विभागाचा ‘पण मला तर पी ऐकू येतो’ हा आक्षेप मिटला. कानाने ज्यावर एकमत होत नव्हते ते डोळ्यांनी झाले.

‘एफ’ आणि ‘एस’ यांची गोष्ट वेगळी. साध्या टेलिफोनची वाट सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच रुंद असते आणि कंपनीकडील मुद्रणेही सेकंदाला ८००० नमुन्यांची होती, म्हणजे नमुन्यांच्या निम्म्याहून, ४००० हर्ट्झहून, वरचे त्यांत काहीच उरत नाही. स्त्रीच्या आवाजातील ‘स’ची बहुतेक ऊर्जा त्याहून वर असते. तारेतून जाताना ‘स’चा सुळसुळाट गाळला जातो आणि मागे उरतो तो अंधुक फुत्कार, जो ‘फ’सारखाच लागतो. दोन्ही अक्षरांच्या नावांत स्वर आधी ‘ए’च येतो, त्यामुळे तोही मदतीला येत नाही. येथे जिभेला शिकवण्यासारखे काही नव्हते.

अंकांचे कोडे सोडवताना थोडा वेळ गेला. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत फरक शेवटच्या ‘न’चा, असे आपण शाळेत शिकतो, पण फोनवर शेवटचा अनुनासिक सहज हरवतो. अमेरिकी कान तेव्हा दुसऱ्या खुणांवर विसंबतो. ‘थर्टीन’मध्ये दुसऱ्या सिलॅबलवर, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या दुसऱ्या शब्दखंडावर, आघात (जोर) असतो, म्हणून त्याच्या आरंभीचा ट श्वासासह, महाप्राण फुटतो. ‘थर्टी’त तो सिलॅबल आघातहीन आणि ट दोन स्वरांसारख्या ध्वनींमध्ये सापडलेला, अमेरिकी तोंडात त्याचा जिभेचा नुसता फटकारा होतो, जवळपास आपल्या ‘ड’ किंवा ‘र’सारखा. आमच्या तरुणी दोन्ही शब्दांत एकच घट्ट, कोरडा ट म्हणत आणि आघातही समसमान ठेवत. म्हणजे ‘पी’ची आणि ‘थर्टीन’ची तक्रार मुळात एकाच कारणाची होती.

कोणते पर्याय समोर होते

प्रशिक्षण विभागाचा कल संपूर्ण ‘अॅक्सेंट’ अभ्यासक्रमाकडे होता. र वळवणे, व आणि डब्ल्यू वेगळे करणे, थ जिभेचे टोक दातांत धरून काढणे, असे सगळे एकदम. मला हा मार्ग पटला नाही. अहवालातल्या ज्या उच्चारांवर सर्वाधिक लाल खुणा होत्या त्यांनी एकही खोके हरवले नव्हते. ‘इस्क्रू’ म्हटले की अमेरिकी ग्राहकाला तो ‘अ स्क्रू’ वाटतो आणि काम पुढे जाते. ‘थ्री’चा थ दंत्य झाला म्हणून कोणी तिनाचे दुसरे काही लिहीत नाही, कारण त्याच्याशी झगडणारा दुसरा अंक नाही. ‘के’ हेदेखील बोलके उदाहरण आहे. त्यांचा क प इतकाच कोरडा होता, पण ‘गे’ नावाचे अक्षर इंग्रजी वर्णमालेत नसल्याने ‘के’ची चूक नोंदवहीत कधीच आली नाही.

दुसरा पर्याय फोनवरून काढून लेखी चॅटवर बसवण्याचा होता. तो कंपनीला सोयीचा आणि त्या तरुणींना अपमानास्पद होता. फोनवरच्या पाळीचा भत्ताही गेला असता. तिसरा पर्याय विमानचालनात १९५६ पासून रूढ असलेली सांकेतिक वर्णमाला सगळीकडे सक्तीची करण्याचा : ‘पी’ऐवजी पापा, ‘बी’ऐवजी ब्राव्हो, ‘एफ’ऐवजी फॉक्सट्रॉट, ‘एस’ऐवजी सिएरा. याने अक्षरांचा प्रश्न मिटला असता, अंकांचा नाही. शिवाय लांब क्रमांक पूर्ण या पद्धतीने सांगितल्यास संभाषण रेंगाळते आणि घाईतला ग्राहक कंटाळतो.

शेवटी ठरले ते असे : बोलण्यामुळे होणारी चूक बोलण्यात दुरुस्त करायची, तारेमुळे होणारी चूक संकेतशब्दांनी टाळायची, आणि उरलेल्या उच्चारांना हात लावायचा नाही. ‘व’, ‘थ’ आणि ‘इस्क्रू’ सोडून देण्याबद्दल गुणवत्ता विभागाशी बराच वाद झाला, कारण विभागाच्या गुणपत्रिकेत या उच्चारांना गुण होते आणि ‘पी’ला नव्हते.

कार्यवाही

महाप्राण शिकवण्याची सोपी वाट मराठीतच आहे असे प्रथम वाटते. ट साठी ठ, क साठी ख. इंग्रजी ट जरा पुढे, दातांच्या मुळाशी लागतो एवढेच सांगायचे. ‘टी’ला ‘ठी’कडे झुकवताच चित्रातली पट्टी रुंदावली. पण ‘पी’ला ‘फी’ म्हणा असे सांगणे धोक्याचे होते. आजच्या शहरी मराठीत आणि इंदुरी हिंदीत फ बहुधा ओठ मिटून फुटत नाही, तो दात ओठाला लावून घासला जातो. म्हणजे ‘पी’ची सुटका ‘बी’पासून करून त्याला ‘एफ’च्या दारात नेल्यासारखे झाले असते. म्हणून फ हे अक्षर वर्गात उच्चारायचेच नाही असे ठरवले. ओठ पूर्ण मिटायचे, प फोडायचा आणि स्वराआधी ह येऊ द्यायचा. ओठांसमोर धरलेली कागदाची पट्टी हलली पाहिजे. आधी ती हललीच नाही. मग हलली, पण ओठ पुरते मिटत नव्हते आणि घर्षण ऐकू येत होते. ‘प्’ आणि ‘ही’ मुद्दाम तोडून, मग हळूहळू जवळ आणत गेल्यावर उच्चार बसला.

त्यानंतर एक अनपेक्षित वळण आले. नवा श्वास सगळीकडे शिरू लागला. ‘स्पीड’चा ‘स्फीड’, ‘स्टराइल’चा ‘स्ठराइल’. इंग्रजीत सिलॅबलच्या आरंभी स आला की त्यामागचा प, ट, क कोरडाच राहतो. ‘पिन’मध्ये श्वास आहे, ‘स्पिन’मध्ये नाही. गंमत अशी की ‘स्पिन’मधला प म्हणजे आपला रोजचा मराठी प. श्वास कुठे सोडायचा हे व्यंजन ठरवत नाही, सिलॅबलमधले त्याचे स्थान ठरवते. हे समजावण्यासाठी ‘मिस्टेक’ आणि ‘मिस्टाइम’ ही जोडी कामी आली. पहिल्या शब्दात स आणि ट एकाच सिलॅबलच्या आरंभी बसतात, म्हणून ट कोरडा. दुसऱ्यात ‘मिस’ हा उपसर्ग वेगळा राहतो आणि ट स्वतःचा सिलॅबल सुरू करतो, म्हणून तो श्वासासह फुटतो. लिहिताना दोन्हीकडे स आणि ट शेजारी, ऐकताना फरक स्पष्ट. या जोडीनंतर ‘स्फीड’ थांबला.

सिलॅबलच्या शेवटाकडे ‘फिलिम’ उभा होता. इंग्रजी सिलॅबल आरंभी तीन व्यंजने घेऊ शकतो, जसे ‘स्ट्रिप’मध्ये, आणि शेवटी चारपर्यंत, जसे ‘टेक्स्ट्स’मध्ये. आपल्या तोंडाला आरंभीच्या जोडण्यांची सवय आहे. ‘स्त्री’ किंवा ‘स्नान’ म्हणताना याच तरुणी इ लावत नसत. ‘इस्क्रू’ त्यांच्याकडे भोवतालच्या हिंदीतून आला होता. शेवटी ल आणि म एकत्र आले की मात्र आपण मध्ये स्वर घालतो आणि एका सिलॅबलचे दोन करतो. सर्वसाधारण संभाषणात ‘फिलिम’ चालून गेला असता. दंतवैद्याकडे मात्र ‘फिलिंग’ नावाची वस्तू रोजची असते, आणि फोनवर म व ङ सहज मिसळतात. एक्स-रेची फिल्म मागवणाऱ्याला ‘तुमचे फिलिंग पाठवत आहोत’ असे ऐकू येई आणि त्यावरून झालेले वाद मुद्रणांत होते. म्हणून ‘इस्क्रू’ सोडून ‘फिलिम’ धरला. ल वर जीभ टेकवून ठेवायची आणि ती न सोडता ओठ मिटायचे, एवढाच सराव. शिवाय शब्दाआधी ‘एक्स-रे’ जोडण्याचा नियम केला.

‘एफ’ आणि ‘एस’ यांच्यासाठी फॉक्सट्रॉट आणि सिएरा कायमचे ठरले, इतर अक्षरांना नाही. तेरा ते एकोणीस या अंकांनंतर प्रत्येक आकडा सुटा सांगायचा : ‘थर्टीन, वन-थ्री’.

परिणाम

‘पी’ आणि ‘टी’च्या चुका हळूहळू ओसरल्या आणि नोंदवहीत क्वचितच दिसू लागल्या. नंतरच्या मुद्रणांत स्फोट आणि स्वर यांच्यातील पट्टी डोळ्यांना सहज दिसत होती. पाळीच्या अखेरच्या तासांत, थकवा आल्यावर, ती पुन्हा अरुंद होई. हे मुद्रणांच्या वेळा पाहिल्यावरच कळले. ‘एफ’-‘एस’ची गफलत आमच्याकडून जवळपास बंद झाली, ग्राहकांकडून चालू राहिली, कारण ते संकेतशब्द वापरत नाहीत. ‘फिल्म’ सावकाश बोलताना एका सिलॅबलचा झाला आणि घाईत ‘फिलिम’च राहिला, ‘एक्स-रे’ आधी जोडल्यामुळे वाद मात्र झाले नाहीत.

‘झी’चा प्रश्न तसाच राहिला. अमेरिकी ग्राहक वर्णमालेतल्या शेवटच्या अक्षराला ‘झी’ म्हणतो, आपण ‘झेड’, आणि फोनवर तो ‘झी’ आमच्या बाजूला ‘सी’ किंवा ‘जी’ म्हणून टिपला जातो. ऐकण्याचा सराव योजनेत नव्हताच.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी उणीव परीक्षकाची होती. सरावाच्या काळात ‘पी’ जमला की नाही हे आम्ही चित्रावरून ठरवले, कारण इंदुरातल्या कोणाच्याही कानावर विसंबता येत नव्हते. चित्र खोटे बोलत नाही, पण ग्राहक चित्र पाहत नाही. मूळ इंग्रजी भाषकांना सुटी अक्षरे टेलिफोनच्या अरुंद वाटेने ऐकवून लिहायला सांगणे हीच खरी कसोटी ठरली असती, आणि घाऊक विक्रेत्याच्या अमेरिकेतील कार्यालयातील दोन-चार माणसे मिळाली असती तरी ती पार पडली असती.

नोंदवही हाही अर्धाच पुरावा होता. तिच्यात फक्त हरवलेली खोकी येतात. ग्राहकाने दोनदा विचारून खात्री करून घेतलेले क्रमांक तिच्यात येत नाहीत, आणि तरुणींवरचा खरा ताण तिथेच होता. मुद्रणांतून ‘पुन्हा सांगा’ असे म्हणण्याचे प्रसंग मोजले असते तर ‘के’सारखे निरुपद्रवी वाटणारे ध्वनीही कदाचित वेगळे दिसले असते. ‘व’ला हात न लावण्याचा निर्णयही त्या मोजणीनंतर अधिक खात्रीने घेता आला असता.

तिसरी गोष्ट उच्चाराच्या बाहेरची आहे आणि माझ्या मते सर्वांत स्वस्त. क्रमांकांत ‘पी’ आणि ‘बी’, ‘टी’ आणि ‘डी’, ‘एफ’ आणि ‘एस’ हवेतच कशाला? मोटारींच्या १७ अंकाक्षरी ओळखक्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी मिसळतात. डोळ्यांसाठी केलेली ही सोय कानांसाठीही करता येते. प्रत्येक जोडीतले एकच अक्षर ठेवले असते तरी बहुतेक खोकी घरी पोहोचली असती. ही सूचना अहवालात दिली. क्रमांकांची रचना घाऊक विक्रेत्याच्या हातात असल्याने ती त्यांच्याकडे पाठवली गेली आहे. दरम्यान त्याच मजल्यावरच्या मालवी आणि निमाडी बोलणाऱ्या मुलांच्या ‘पी’ची मुद्रणे आता तपासायला घेतली आहेत, आणि गुणवत्ता विभागाने गुणपत्रिकेत ‘इस्क्रू’चे गुण कमी करून क्रमांक वाचून दाखवण्याचे वाढवले आहेत.